सोरॉरिटी गृहांची अंतर्गत रचना

सोरॉरिटी गृहे ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील महाविद्यालये व विद्यापीठे यांमधील विद्यार्थिनींच्या 'सोरॉरिटी' नावाच्या संघटनांची निवासस्थाने व सभास्थाने होत. अशा गृहाला एकाच छपराखाली चार वेगवेगळ्या गरजा भागवाव्या लागतात. ते अनेक तरुणींचे राहते घर असते. शेकडो सदस्यांचे भोजनगृह असते. सभा व दीक्षाविधी यांची जागा असते. आणि नव्या विद्यार्थिनींना संघटनेची ओळख करून देणारे दर्शनी दालनही असते. या चार गरजांचा मेळ घालणे हा सोरॉरिटी गृहाच्या अंतर्गत रचनेचा मुख्य प्रश्न होय. कोणत्या काळी कोणत्या गरजेला अग्रक्रम मिळाला हे खोल्यांच्या मांडणीवरून समजते. त्यामुळे अमेरिकेतील स्त्रीशिक्षणाच्या इतिहासाचे एक साधन म्हणूनही या वास्तूंचा अभ्यास केला जातो.

संज्ञा

'सोरॉरिटी' हा शब्द 'बहीण' या अर्थाच्या 'सोरॉर' या लॅटिन शब्दापासून आला आहे. महिला संघटनांसाठी तो रूढ करण्याचे श्रेय सिरॅक्यूज विद्यापीठातील लॅटिनचे प्राध्यापक फ्रँक स्मॉली यांना दिले जाते. त्याच विद्यापीठात १८७४ मध्ये स्थापन झालेल्या गॅमा फाय बीटा या संघटनेच्या संदर्भात त्यांनी तो सुचवला. पाय बीटा फाय व कॅपा आल्फा थीटा यांसारख्या त्याआधीच्या संघटना मात्र स्वतःला आजही 'महिला फ्रॅटर्निटी' म्हणवतात. बहुतेक संघटनांची नावे ग्रीक अक्षरांवरून ठेवलेली असतात. संघटनेच्या एखाद्या विद्यापीठातील शाखेला 'चॅप्टर' म्हणतात.

सोरॉरिटी गृह आणि भारतातील मुलींचे वसतिगृह यांत महत्त्वाचा फरक आहे. वसतिगृह सामान्यतः शिक्षणसंस्थेच्या मालकीचे असते आणि तेथील प्रवेश संस्थेच्या नियमांनुसार मिळतो. सोरॉरिटी गृहात राहण्यासाठी आधी त्या संघटनेचे सदस्यत्व मिळवावे लागते आणि सदस्यांची निवड विद्यमान सदस्याच करतात. शिवाय गृहात न राहणाऱ्या सदस्याही जेवण, अभ्यास व सभा यांसाठी तेथे येतात.

इतिहास

मेकन (जॉर्जिया) येथील वेस्लियन कॉलेजात १८५१ मध्ये अ‍ॅडेल्फियन सोसायटी आणि १८५२ मध्ये फिलोमॅथियन सोसायटी या विद्यार्थिनींच्या संस्था स्थापन झाल्या. त्या पुढे अनुक्रमे आल्फा डेल्टा पाय व फाय म्यू या नावांनी ओळखल्या जाऊ लागल्या. १८६७ मध्ये इलिनॉयमधील मॉनमथ कॉलेजात आजची पाय बीटा फाय, तर १८७० मध्ये इंडियानातील ग्रीनकॅसल येथे कॅपा आल्फा थीटा ही संघटना स्थापन झाली. या आरंभीच्या काळात कोणाचेही स्वतःचे घर नव्हते. सदस्या एकमेकींच्या भाड्याच्या खोल्यांत किंवा महाविद्यालयाच्या एखाद्या वर्गात जमत.

सहशिक्षण देणाऱ्या अनेक विद्यापीठांनी मुलींना प्रवेश दिला, पण त्यांच्या राहण्याची सोय केली नाही. गावातील खाणावळी व भाड्याची घरे यांवर अवलंबून राहणे गैरसोयीचे होते आणि पालकांनाही ते पसंत नव्हते. या गरजेतून सोरॉरिटी गृहाची कल्पना पुढे आली. सिरॅक्यूज येथे १८७२ मध्ये स्थापन झालेल्या आल्फा फाय या संघटनेने १८८६ मध्ये तेथेच स्वतःचे घर बांधले. महिला संघटनेने स्वतःसाठी बांधलेले हे पहिले घर मानले जाते. विवाहित स्त्रीच्या मालमत्तेवरील हक्कही अनेक राज्यांत नुकताच मान्य होऊ लागला होता, त्या काळात विद्यार्थिनींच्या संघटनेने घर बांधून चालवणे ही लहान गोष्ट नव्हती.

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत अशा घरांची संख्या झपाट्याने वाढली. काही संघटनांनी जुने वाडेवजा बंगले विकत घेऊन त्यांत फेरबदल केले, तर काहींनी वास्तुविशारद नेमून नवी घरे बांधली. पॅरिसच्या एकोल दे बोझार या संस्थेत वास्तुकलेसाठी प्रवेश मिळवणारी पहिली स्त्री जूलिया मॉर्गन ही कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकत असताना कॅपा आल्फा थीटाची सदस्या होती. बर्कले येथील आपल्या संघटनेच्या घराचा आराखडा पुढे तिनेच केला. विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथे लँग्डन रस्त्याच्या परिसरात या काळातील अनेक फ्रॅटर्निटी व सोरॉरिटी गृहे आजही एकत्र पाहावयास मिळतात.

पालकत्वाची व्यवस्था आणि घराचा आराखडा

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतील शिक्षणसंस्था विद्यार्थ्यांच्या बाबतीत स्वतःला पालकांच्या जागी मानत. मुलींवरील निर्बंध मुलांपेक्षा कडक असत. रात्री ठरावीक वेळेच्या आत परतणे, बाहेर जाताना नोंदवहीत नाव लिहिणे आणि पुरुष पाहुण्यांना केवळ दिवाणखान्यात भेटणे हे नियम सर्वत्र होते.

घराच्या आराखड्यात या नियमांचे थेट प्रतिबिंब पडले. 'हाऊस मदर' म्हणून नेमलेल्या प्रौढ स्त्रीची खोली तळमजल्यावर, मुख्य दार व जिना यांच्या जवळ असे. दिवाणखान्याला रुंद कमानी ठेवल्या जात, त्यामुळे आतील बैठक ये-जा करणाऱ्यांच्या नजरेत राही. पाहुणा आल्याची वर्दी वरच्या मजल्यावर घंटीने दिली जाई, आणि दूरध्वनीसाठी जिन्याजवळ किंवा मजल्यांवर लहानशा खोल्या असत. तळमजला सार्वजनिक व वरचे मजले खासगी अशी विभागणी त्यामुळे पक्की झाली.

१९६१ मधील 'डिक्सन विरुद्ध अलाबामा राज्य शिक्षण मंडळ' या खटल्याच्या निकालानंतर संस्थांच्या पालकत्वाची कल्पना दुबळी होत गेली आणि पुढील दशकभरात वेळेची बंधने बहुतेक ठिकाणी संपली. खोल्यांची मांडणी मात्र टिकून राहिली. जुन्या घरांतील दूरध्वनीच्या खोल्यांत आता एकटीने अभ्यास करण्याच्या जागा किंवा टपालाने आलेली पार्सले ठेवण्याचे फडताळ दिसते. हाऊस मदरच्या जागी 'हाऊस डायरेक्टर' हे पद आले. तिची कामे आता प्रामुख्याने इमारतीची देखभाल, कर्मचारी व हिशेब यांच्याशी संबंधित असतात. राहण्याची खोली मात्र बहुधा जुन्याच जागी, दारापाशी असते.

प्रमुख दालने

दिवाणखाना: प्रवेशकक्ष, जिना आणि औपचारिक दिवाणखाना हा घराचा दर्शनी भाग होय. शेकोटी, तिच्यावर संघटनेचे मानचिन्ह, पियानो, झुंबर आणि समोरासमोर मांडलेल्या बैठका ही त्याची रूढ घडण आहे. सदस्यभरतीच्या दिवसांत येथे एकाच वेळी शेकडो मुली जोडीजोडीने संभाषण करतात. त्यामुळे मोठे, जड सोफे ठेवण्यापेक्षा सहज हलवता येणाऱ्या खुर्च्या, पाठ नसलेली आसने आणि मोकळे मार्ग यांना महत्त्व असते. ध्वनी हा येथील नेहमीचा प्रश्न आहे. उंच छत व फरशी यांमुळे आवाज घुमतो. जाड पडदे, गालिचे आणि छतावरील ध्वनिशोषक फलक यांनी तो आटोक्यात ठेवावा लागतो.

भोजनगृह व स्वयंपाकघर: स्वयंपाकघर उपाहारगृहाच्या तोडीचे असते आणि तेथे पगारी आचारी काम करतात. सदस्यांची संख्या भोजनगृहातील आसनांपेक्षा बरीच अधिक असल्याने जेवण पाळ्यांनी होते. तासिकांमुळे वेळेवर येऊ न शकणाऱ्या सदस्येसाठी वाढून ठेवलेल्या ताटाला 'लेट प्लेट' म्हणतात. त्यासाठी नावांच्या चिठ्ठ्या लावण्याची सोय असलेला शीतकपाटाचा वेगळा कप्पा ठेवतात. मुख्य स्वयंपाकघर रात्री बंद होत असल्याने चहा-कॉफी व फराळ यांसाठी स्वतंत्र लहान ओटा असणे सोयीचे ठरते.

सभागृह: आठवड्याची सभा आणि दीक्षाविधी 'चॅप्टर रूम'मध्ये होतात. ही खोली बहुधा तळघरात किंवा घराच्या आतल्या भागात असते. विधी सदस्यांपुरते मर्यादित असल्याने तिला बाहेरून आत दिसेल अशा खिडक्या नसतात आणि विधीचे साहित्य ठेवण्यासाठी कुलूपबंद कपाट असते. आठवड्यातील इतर दिवशी हीच खोली अभ्यास किंवा करमणूक यांसाठी वापरली जात असल्यामुळे घडीच्या खुर्च्या आणि सरकत्या भिंती यांचा उपयोग करतात.

शयनकक्ष: दोन ते चार जणींची खोली ही सामान्य पद्धत आहे. मध्य-पश्चिम आणि वायव्य अमेरिकेतील काही विद्यापीठांत मात्र 'स्लीपिंग पोर्च' किंवा 'कोल्ड डॉर्म' ही जुनी पद्धत टिकून आहे. तेथे सर्व जणी एका मोठ्या दालनात दुमजली पलंगांवर झोपतात. हे दालन कायम अंधारे व शांत ठेवले जाते आणि थंडीतही खिडक्या उघड्या असतात. कपडे, टेबल व पुस्तके यांसाठी लहान खोल्या वेगळ्या असतात. विसाव्या शतकाच्या आरंभी क्षयरोगाच्या भीतीमुळे मोकळ्या हवेत झोपण्यावर दिला जाणारा भर हे या पद्धतीचे एक कारण होते. दुसरे कारण व्यावहारिक होते: झोपणारीला दिव्याचा आणि जागून अभ्यास करणारीला झोपणाऱ्या मैत्रिणीचा अडथळा होत नाही.

रंग, चिन्हे व चित्रे

प्रत्येक संघटनेचे अधिकृत रंग, फूल व चिन्ह ठरलेले असते. पाय बीटा फायचे रंग मद्याचा लाल व रुपेरी निळा आणि चिन्ह बाण आहे. कॅपा कॅपा गॅमाचे रंग गडद व फिका निळा आणि चिन्ह किल्ली आहे. डेल्टा गॅमाचे रंग कांस्य, गुलाबी व निळा आणि चिन्ह नांगर आहे. कॅपा आल्फा थीटाचे रंग काळा व सोनेरी आणि चिन्ह पतंग आहे. आल्फा कॅपा आल्फाची ओळख गुलाबी व हिरव्या रंगांनी होते.

हे रंग घरात कसे वापरावेत हा नाजूक भाग आहे. भिंती, फरशी आणि मोठे फर्निचर दहा-पंधरा वर्षे टिकावे लागते, तर सदस्यांची पिढी चार वर्षांत बदलते. म्हणून टिकाऊ गोष्टी मंद रंगांत ठेवून उशा, पडदे, दिव्यांची आच्छादने व चित्रे यांत संघटनेचे रंग आणणे ही प्रचलित रीत आहे. चिन्हाचा वापरही अनेकदा सूचकपणे करतात; उदाहरणार्थ, जिन्याच्या कठड्यात किंवा गालिच्याच्या वेलबुट्टीत ते गुंफलेले असते.

'कॉम्पोझिट' हा घरातील सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण घटक होय. एका वर्षातील सर्व सदस्यांची लहान छायाचित्रे एका मोठ्या चौकटीत ओळीने मांडून ती भिंतीवर लावतात. दरवर्षी एक चौकट वाढत असल्याने मार्गिकांच्या भिंती हळूहळू भरून जातात. माजी सदस्या घराला भेट देतात तेव्हा प्रथम आपले वर्ष शोधतात. नूतनीकरणाच्या वेळी जुन्या चौकटी काढायच्या, जपून ठेवायच्या की त्यांचे संगणकीय जतन करायचे, यावर बहुतेक शाखांत चर्चा होते.

साहित्याची निवड

दिसायला घरगुती, पण सोसायला सार्वजनिक इमारतीसारखे, अशा साहित्याची येथे गरज असते. बैठकांच्या कापडाची झीज मोजण्यासाठी अमेरिकेत 'वायझेनबीक' चाचणी वापरतात. तीत कापडावर पुढे-मागे मिळून एक असे घर्षणाचे फेरे दिले जातात. अधिक वर्दळीच्या जागांसाठी ३०,००० फेरे सोसणारे कापड योग्य समजले जाते. डाग न धरणारे लेप दिलेले किंवा धाग्यातच रंग भरलेले कृत्रिम कापड, एखादाच तुकडा बदलता येईल असे चौकोनी गालिचे आणि लाकडासारखी दिसणारी व्हिनिलची फरशी यांचा वापर त्यामुळे वाढला आहे. उशांना साखळी असावी, खुर्चीचा सांगाडा भरीव लाकडाचा असावा, टेबलाच्या वरच्या पृष्ठावर गरम कपाचा डाग पडू नये, अशा लहान बाबींवर देखभालीचा खर्च अवलंबून असतो.

काम करण्याचा काळही मर्यादित असतो. घर मे महिन्यात रिकामे होते आणि ऑगस्टमध्ये सदस्यभरतीसाठी सज्ज असावे लागते. त्यामुळे मोठे नूतनीकरण अनेकदा दोन-तीन उन्हाळ्यांत विभागून करतात.

अग्निसुरक्षा

एकत्र निवासाच्या इमारतींत सजावट आणि सुरक्षा यांचा संबंध जिवाशी असतो. १२ मे १९९६ रोजी नॉर्थ कॅरोलायनातील चॅपल हिल येथे फाय गॅमा डेल्टा या विद्यार्थ्यांच्या फ्रॅटर्निटीच्या घराला आग लागून पाच विद्यार्थी मृत्युमुखी पडले. त्या घरात स्वयंचलित जलफवारे नव्हते. या दुर्घटनेनंतर तेथील नगर प्रशासनाने फ्रॅटर्निटी व सोरॉरिटी गृहांत असे फवारे बसवणे सक्तीचे केले. इतरत्रही अनेक संघटनांनी व विद्यापीठांनी हे काम हाती घेतले.

अंतर्गत रचनेवर याचे अनेक परिणाम झाले. सार्वजनिक दालनांतील पडदे ज्वालारोधक कसोटीस उतरलेले असावे लागतात. भव्य उघडा जिना हा धूर वर चढण्याचा मार्ग ठरत असल्याने दुसरा बंदिस्त जिना व आपोआप बंद होणारी दारे आवश्यक ठरतात. छतावरून कापड टांगणे, फवाऱ्यांच्या तोट्यांना वस्तू अडकवणे, खोलीत स्वयंपाकाची साधने किंवा उष्णक वापरणे यांस मनाई असते. सोरॉरिटींच्या अनेक समारंभांत मेणबत्तीला स्थान आहे. एखाद्या सदस्येचा विवाह ठरल्यावर सर्व जणी वर्तुळात उभ्या राहून पेटती मेणबत्ती हातोहात फिरवतात, ही त्यांपैकी एक प्रथा. बऱ्याच ठिकाणी आता त्यासाठी विजेरीवरील मेणबत्त्या वापरतात.

मालकी व खर्च

घराची मालकी बहुधा माजी सदस्यांच्या ना-नफा मंडळाकडे, राष्ट्रीय संघटनेकडे किंवा विद्यापीठाकडे असते. विद्यापीठाच्या जमिनीवर दीर्घ मुदतीच्या भाडेकरारानेही घरे बांधली जातात. स्थानिक मंडळाला 'हाऊस कॉर्पोरेशन' म्हणतात. सजावटीचे निर्णय या मंडळातील माजी सदस्या घेतात आणि राहणाऱ्या विद्यार्थिनी आपली मते मांडतात. दोन पिढ्यांच्या आवडीतील फरक येथे उघड होतो.

निवासी सदस्या भाडे व भोजनखर्च देतात. घरात न राहणाऱ्या सदस्यांनाही सामायिक दालनांच्या वापरासाठी 'पार्लर फी' भरावी लागते. दक्षिणेकडील काही विद्यापीठांत एका शाखेची सदस्यसंख्या ३०० च्या पुढे गेली असून तेथे कोट्यवधी डॉलर खर्चाची नवी घरे उभी राहिली आहेत. या खर्चाचा भार अंतिमतः सदस्यशुल्कावर पडतो.

टीका व सामाजिक संदर्भ

सोरॉरिटी गृहांवरील टीका मुख्यतः तीन मुद्द्यांवर होते.

पहिला मुद्दा वर्ण व वर्ग यांचा आहे. अनेक जुन्या संघटनांनी दीर्घकाळ कृष्णवर्णीय, ज्यू व इतर मुलींना वगळले. हॉवर्ड विद्यापीठात १९०८ मध्ये आल्फा कॅपा आल्फा आणि १९१३ मध्ये डेल्टा सिग्मा थीटा या कृष्णवर्णीय विद्यार्थिनींच्या संघटना स्थापन झाल्या. जमीन व कर्ज मिळण्यातील भेदभावामुळे अशा संघटनांच्या फार थोड्या शाखांना स्वतःची घरे लाभली. अलाबामा विद्यापीठात १९८६ मध्ये आल्फा कॅपा आल्फा ही संघटना श्वेतवर्णीय सोरॉरिटींच्या रांगेत राहावयास येत असताना त्या जागेच्या आवारात क्रॉस जाळण्यात आला. त्याच विद्यापीठातील 'क्रिमझन व्हाइट' या विद्यार्थी वृत्तपत्राने २०१३ मध्ये सदस्यभरतीतील वर्णभेद उघडकीस आणला. दक्षिणेकडील घरांच्या उंच पांढऱ्या स्तंभांमुळे गुलामगिरीच्या काळातील मळेवाल्यांच्या हवेल्यांची आठवण होते, असाही आक्षेप घेतला जातो.

दुसरा मुद्दा समारंभांच्या जागेचा आहे. नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स (स्थापना १९०२) या शिखर संस्थेच्या २६ सदस्य-संघटनांच्या घरांत मद्यास परवानगी नसते. त्यामुळे मद्य असलेल्या मेजवान्या पुरुषांच्या फ्रॅटर्निटी गृहांत होतात. घर, प्रवेश व पेय या तिन्हींवर तेथे पुरुषांचे नियंत्रण राहते आणि त्यातून मुलींची असुरक्षितता वाढते, असे एलिझाबेथ आर्मस्ट्राँग व लॉरा हॅमिल्टन या समाजशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे.

तिसरा मुद्दा सुगम्यतेचा आहे. जुन्या घरांत प्रवेशद्वारापाशी पायऱ्या असतात, उद्वाहन नसते आणि सभागृह तळघरात असते. १९९० च्या अपंगांच्या हक्कांविषयीच्या संघीय कायद्यातील काही तरतुदींतून खासगी क्लबना सूट आहे. परिणामी चाकाची खुर्ची वापरणाऱ्या सदस्येला आपल्याच संघटनेच्या सभेला जाणे अवघड होऊ शकते. नव्या बांधकामात व मोठ्या नूतनीकरणात उतरंड, उद्वाहन आणि तळमजल्यावर सोयीची शयनखोली यांचा समावेश आता अधिक प्रमाणात होतो.

घर नसलेल्या शाखा

सर्वच शाखांना निवासगृह नसते. व्हँडरबिल्ट विद्यापीठात घरात केवळ मोजक्या पदाधिकारी सदस्या राहतात, तर मायामी विद्यापीठात शाखांना एकाच इमारतीतील दालने दिली आहेत. दक्षिण आशियाई वारशाच्या विद्यार्थिनींनी १९९८ मध्ये कॅपा फाय गॅमा, डेल्टा फाय ओमेगा व सिग्मा सिग्मा रो या संघटना स्थापन केल्या. त्यांत भारतीय वंशाच्या मुलींचा सहभाग मोठा असतो. अशा तुलनेने नव्या संघटनांच्या शाखा सामान्यतः स्वतःच्या घराशिवायच काम करतात. अशा ठिकाणी सहज हलवता येणारे ध्वज, चित्रे व विधीसाहित्य हीच 'घराची' खूण ठरते.

घरे का नाहीत याबाबत एक लोकसमज अनेक विद्यापीठांत सांगितला जातो. ठरावीक संख्येपेक्षा अधिक स्त्रिया एकत्र राहिल्यास ते घर कायद्याने कुंटणखाना ठरते, असा तो आहे. असा कायदा आढळलेला नाही. घर नसण्याची खरी कारणे जमिनीची किंमत, नगररचनेचे नियम, सदस्यसंख्या आणि विद्यापीठाचे निवासधोरण यांत असतात.

अलीकडील प्रवाह

ऑगस्ट २०२१ मध्ये अलाबामा विद्यापीठातील सदस्यभरतीच्या चित्रफिती टिकटॉकवर सर्वदूर पसरल्या. तेव्हापासून घराचा जिना आणि प्रवेशकक्ष यांचा छायाचित्रांची पार्श्वभूमी म्हणूनही विचार होऊ लागला आहे. याउलट, भरतीच्या काळातील खर्चिक सजावट टाळावी, अशी शिफारस नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्सने केली आहे. नव्या आराखड्यांत दिवाणखान्याचा आकार कायम ठेवून गटाने अभ्यास करण्याच्या काचेच्या खोल्या, प्रत्येक आसनापाशी विजेची जोडणी, समुपदेशन किंवा विश्रांतीसाठी शांत खोली आणि अधिक स्नानगृहे यांवर भर दिलेला आढळतो. पाहुण्यांना दिसणाऱ्या खोल्यांवर किती खर्च करावा आणि राहणारीच्या सोयीवर किती, हा प्रश्न प्रत्येक नूतनीकरणात नव्याने सोडवावा लागतो.